मानेमागचा खळगा

चित्रशाळेत पहिल्या दिवशी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. बसल्यावर हलायचं नाही, आणि कुणाच्याही कामाला हात लावायचा नाही. बावीस वर्षं मी दोन्ही पाळल्या. माझं काम म्हणजे उंच स्टुलावर बसायचं आणि समोरच्या मुलामुलींनी माझा चेहरा काढायचा. माझ्या नणंदेच्या मते हे कामच नव्हे. "बसायला काय अक्कल लागते?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणतात. नाकावर बसलेली माशी न हाकलता पाऊण तास बसून दाखवा म्हणावं, म्हणजे कळेल.

यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला. मोठ्या बाईंनी, म्हणजे चित्रशाळेच्या प्रमुखांनी, मला ऑफिसात बोलावून घेतलं. "आता विश्रांती घ्या," त्या म्हणाल्या. "आणि इथं तुमचे जेवढे चेहरे आहेत त्यातला कुठलाही एक घरी न्या. शुक्रवारपर्यंत सांगा."

बावीस वर्षांतला एक! आमच्या घरात माझा म्हणावा असा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात मी नेमके डोळे मिटलेत. शेजारी हे उभे आहेत, डोक्यावर टोपी तिरकी. ह्यांच्या डोक्याला मागं उंचवटा होता, कुठलीच टोपी कधी सरळ बसली नाही. तेव्हा चुकीचं काही उचलून आणलं तर उरलेलं आयुष्य तेच बघत बसायचं, या विचारानं माझी झोप उडाली.

"तेलरंगातलं आण," वन्सं म्हणाल्या. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्या बोलतात, मी ऐकते, असा आमचा संसार. "चांगलं मोठं, सोनेरी चौकटीचं. बाहेरच्या खोलीत लावू. लोकांना दिसलं पाहिजे."

गुरुवारी मी चित्रशाळेच्या कोठीत शिरले. तेलरंगाला मी नावं ठेवणार नाही. तो रंग दमानं घेतो. कालचं आज झाकता येतं, आजचं उद्या खरवडता येतं. एका मुलीनं माझ्या गालात चक्क हिरवा घातला होता. जवळून पाहिलं तर नुसतं शेवाळ, चार पावलं मागे सरले तर माझाच गाल, दुपारच्या उजेडातला. हे तिला कसं सुचलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. जलरंगाची जात वेगळी. एकदा पाणी सुटलं की ते आपल्या मनानं चालतं. वर्गात 'आजीबाई' नावानं ओळखली जाणारी एक संथ पोरगी होती, तिनं दहा मिनिटांत माझं हसू कागदावर उतरवलं आणि ब्रश खाली ठेवला. आणखी एक फटकारा मारला असता तर सगळं वाया गेलं असतं. कुठं थांबायचं हे तिला कळलं, मला ते बोलतानासुद्धा कळत नाही. कोळशानं काढलेल्या चेहऱ्यांत मी चिडकी दिसते. आहेच मी चिडकी, त्यामुळं तक्रार नाही.

पण माझा जीव मातीच्या खोलीत. तिथं माझं स्टूल फिरतं. मातीवाले सर दर दहा मिनिटांनी मला पाव फेरा फिरवतात, म्हणजे प्रत्येकाला माझी प्रत्येक बाजू मिळते. बाकीच्या खोल्यांत ज्याच्या वाट्याला जी बाजू आली तेवढीच मी. मातीवाल्यांना कानामागचं हाड ठाऊक, अंबाड्याखालचा मानेतला खळगा ठाऊक. मला असा खळगा आहे हे मलाच तिथं कळलं. एकदा सरांनी घडवलेल्या डोक्यामागून चालले होते, ती जागच्या जागी उभी राहिले. माझ्या आईच्या मानेला तस्साच खळगा होता. लहानपणी तिच्या पाठुंगळी बसून मी त्यात नाक खुपसायची. तो माझ्याकडं आलाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मातीचं एकच वाईट. वर्ष संपलं की सर सगळी डोकी तारेनं कापतात, पिंपात टाकतात आणि वरून पाणी ओततात. पुढच्या वर्षी त्याच मातीतून पुन्हा मी. त्यामुळं कोठीत मातीचं काही नव्हतंच. सरांनी यंदा केलेलं डोकं तेवढं त्यांच्या खोलीत ओल्या फडक्याखाली उभं होतं.

"सर, मला हे हवंय," मी म्हटलं.

सर मोजकंच बोलतात. "भाजावं लागेल. भट्टीत तडकलं तर हातात काहीच राहणार नाही. तेलरंगातलं घ्या, टिकेल."

"निदान बघू तरी द्या."

त्यांनी फडकं काढलं. मी सगळीकडून फिरून पाहिलं. मागं तो खळगा होता. "हात लावू?" बावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारलं.

"लावा."

इतकी वर्षं माती नुसती पाहिलेली. मला वाटलं, ती मडक्यासारखी घट्ट असेल. पोराचा गाल धरावा तसा मी तो गाल धरला, आणि अंगठा आत गेला. माझ्याच चेहऱ्याला खड्डा पडला.

"अगं बाई! सर, माफ करा, मी..."

सरांनी खड्ड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नीट करा."

"मी?"

"बावीस वर्षं बघताय की."

मी हनुवटीखालची थोडी माती ओढून खड्ड्यात भरली. गाल सुजला. तो दाबला तर जबडा सरकला. जबडा सावरायला गेले तर ओठ वाकडा झाला. ती माती गार होती आणि म्हणेन तिकडं येत होती, माझं ऐकत होती. घड्याळाकडं पाहिलं तेव्हा तास उलटला होता. सरांच्या सुरेख कामाचं मी पार वाटोळं केलं होतं आणि लाज वाटायच्या ऐवजी मला भलताच आनंद झाला होता.

"सर, हे भाजू नका. मोडा. आणि ही माती मला द्या."

सर हसले. तार त्यांनी माझ्याच हातात दिली. मी स्वतःचं डोकं कापलं.

घरी वन्संनी बादलीवरचं फडकं उचललं. "बावीस वर्षं बसलीस आणि चिखल घेऊन आलीस?"

"बसा, वन्सं. त्या स्टुलावर."

"कशाला?"

"बसा हो. बसायला काय अक्कल लागते?"

त्या बसल्या. सात मिनिटांत हलल्या, तेराव्या मिनिटाला पाय आखडला म्हणाल्या. मला फार सुख वाटलं. तीन दिवसांत समोरची बाजू झाली. नाक बटाट्यासारखं झालं, त्याबद्दल मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. पण चौथ्या दिवशी मी चहा ठेवेपर्यंत वन्सं केस विंचरून स्टुलावर हजर. "आज मागची बाजू ना?"

मी त्यांचा अंबाडा सोडला, केस वर धरायला सांगितले, आणि माझे हात थांबले. डोक्याच्या मागं, डाव्या अंगाला, ह्यांची टोपी सरळ बसू न देणारा तोच उंचवटा होता. तीस वर्षं एका घरात राहिलो आणि मी वन्संना मागून कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं गं, वहिनी?"

"काही नाही. हलू नका."

मी माती लावली. तिथं मला बघायचीही गरज पडली नाही. बोटांना तो उंचवटा पाठ होता. झाल्यावर वन्सं उठल्या, पुढं आल्या आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "हात लावायचा नाही." मग मीच त्यांचा हात धरून तिथं ठेवला.

त्यांनी तळवा फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवला.

"हा तर दादा," त्या म्हणाल्या.