हेडसरांच्या घरातली एकुलती एक कडी

हेडसरांच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. बंद दारं घर फोडतात, असं त्यांचं म्हणणं. शाळेतून हेडसर निवृत्त झाले, म्हणणं काही झालं नाही. पाहुणा आला की उघड्या दारांचं कौतुक ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. कडी होती ती फक्त बाथरूमला, तीही त्यांच्या बायकोने, म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंनी, भांडून बसवून घेतलेली.

त्यामुळे झालं काय, अख्खं घर बाथरूममध्येच नांदायला लागलं. सूनबाईचा नवरा साहेबाशी तिथून बोलायचा, दीर मैत्रिणीशी तिथून भांडायचा आणि ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. बाहेर सदानकदा रांग. एकमेकांच्या पोटाची इतकी चौकशी दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल!

आज मात्र सूनबाईला बाथरूम हवंच होतं. बाळंतपणात नोकरी सुटली, त्यानंतर आलेलं हे पहिलंच बोलावणं. काम विमा कंपनीचं, घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचं. मुलाखत लॅपटॉपवर, अकराला. "तेव्हा आत कोणी जायचं नाही हं," असं तिने सगळ्यांना बजावलं होतं, एक हेडसर सोडून. सासऱ्यांना असलं कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि नेमके अकराच्या जरा आधी हेडसर पेपर घेऊन आत गेले.

तिने दार वाजवलं. "बाबा, वेळ आहे का अजून?"

"हं."

पुन्हा वाजवलं. पुन्हा "हं". तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. मरो ती लाज, म्हणत ती तिथेच बाथरूमच्या दाराला टेकून बसली.

मुलाखत घेणाऱ्या बाई बोलायला लागल्या, तोच सासूबाई धुण्याची बादली घेऊन तिच्या शेजारून गेल्या. मग खांद्यावर टॉवेल टाकून दीर आला. "वहिनी, माझा नंबर तुझ्या आधी ना?"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "दार लावून बसता येईल अशी खोली आहे ना तुमच्याकडे? त्याशिवाय आम्ही काम देत नाही."

सूनबाईने खोटं बोलावं, तर पडद्यावर टॉवेल दिसतोय. "नाही मॅडम..."

"आहे!" आतून हेडसर गरजले. दार असं उघडलं, की सूनबाई मागच्या मागे पडता पडता वाचली. "माझी खोली घे. ऊठ!"

तिला लॅपटॉपसकट आपल्या खोलीत बसवून, कडी नव्हती म्हणून त्यांनी दार बाहेरून ओढून धरलं. सासूबाईंनी तोंड उघडताच ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवायचे तसं. सूनबाई बाहेर आली ती हसत आणि डोळे पुसत. "मिळाली, बाबा!"

"सुताराला आजच बोलावतो," हेडसर म्हणाले.

आता सासूबाईंना राहवेना. "अगबाई! बंद दारं घर फोडतात ना?"

"फोडत असतील. मला तर त्या एका कडीनेच सांभाळलं. नाहीतर इतक्या माणसांतून कधीच पळून गेलो असतो."

"म्हणजे रोज आत नुसता पेपर वाचत बसायचात? अहो, तुमचं पोट साफ होत नाही म्हणून मी इतकी वर्षं रोज ते कडूजहर चूर्ण देतेय!"

"आणि मी मुकाट्याने घेतोय," हेडसर म्हणाले. "नाहीतर घटकाभर एकटं बसू दिलं असतंस का मला?"