हिरव्या दिव्याचा मुकादम

हा रविवार धड पार पडला, की यासेरचा फायदा सरळ होता: नांदेड. क्लासच्या नव्या शाखेचं सगळं संगणकाचं काम त्याच्या हाती, राहायला स्वतःचं घर, सकाळी अम्मीच्या हातची खिचडी आणि चिंचेचा खट्टा, आणि जेबाच्या वडिलांचं तोंड बंद. "लातुरात भाड्याच्या खोलीत पडणाऱ्याला पोरगी कशी द्यावी?" हे त्यांचं पालुपद. नांदेड मिळालं की पालुपद गेलं. एका रविवारात एवढं पदरात पडणार असेल, तर माणूस श्वासही हिशेबानं घेतो.

काम असं होतं. मन्मथ सरांच्या क्लासची संगणकावरची परीक्षा लातूर आणि नांदेडला एकाच वेळी. उत्तरं घेणं, तपासणं, क्रम लावणं, पालकांना मेसेज धाडणं, ही सगळी कामं यासेरच्या प्रोग्रॅममध्ये एकमेकांसाठी खोळंबून न राहता चालायची. एक वाट बघत बसलं की दुसरं पुढं सरकायचं. सगळ्यांवर देखरेखीला त्यानं आणखी एक काम नेमलं होतं. त्याला तो मुकादम म्हणायचा. चालता चालता कुणी पडलं, की मुकादमानं त्याला उठवून पुन्हा जुंपायचं.

प्रोग्रॅम लिहायची भाषा त्यानं रस्ट निवडलेली. मोठी खडूस भाषा. कोणती वस्तू कुणाच्या मालकीची, हे भावकीची वाटणी करणाऱ्या पंचासारखं आधी विचारते आणि उत्तर पटेपर्यंत प्रोग्रॅमला उंबरा ओलांडू देत नाही. "एवढं तपासल्यावर चुकायला राहतंय काय?" असं यासेर ऐटीत म्हणायचा. भाषा मालकी तपासते. जबाबदारी तिच्या खात्यात येत नाही.

पहिला मुकादम शहाणा होता. एखादं काम पडलं की लाल दिवा लावायचा, आणि तेच काम पुन्हापुन्हा पडू लागलं की ते बंद करून हाक मारायचा. पण हे दिवे दाखवणारा पडदा लावलेला पालकांच्या बसायच्या खोलीत, पाण्याच्या जारशेजारी.

"यासेर मिया, लाल दिसला की पालक शेजारच्या क्लासचा पत्ता विचारून राहिलेत," मन्मथ सर म्हणाले.

"सर, पण पडलेलं कळायला पायजे ना."

"कळून काय करतोस? उठव की! कितींदा बी पडू दे, उठव. दिवा मात्र हिरवा."

यासेरनं मुकादमाला तसं शिकवलं. डोळ्यांसमोर नांदेड असलं की हिरव्या रंगात खोट दिसत नाही.

आणि रविवारी, पेपर ऐन रंगात असताना, जमीन हलली. बाकं खडखडली, खिडक्या थरथरल्या, आणि काय झालं हे एकानंही न विचारता अख्खा क्लास मैदानात. लातुरात हे विचारावं लागत नाही. भिंतीला तडा नाही, कुणाला खरचटलंही नाही. नांदेडला तर नुसते पंखे डुलले. तिथली पोरं पेपर सोडवत राहिली आणि शाखेचे होऊ घातलेले भागीदार पडद्यासमोर मांडी ठोकून बसलेले.

मन्मथ सरांचं डोकं अशा वेळी फार वेगात चालतं. "मैदानातच हजेरी घ्या. पालकांना मेसेज जाऊ दे. बाकीच्या क्लासांच्या आधी!"

ज्याचं हजेरीचं कार्ड यंत्राला लागलं, त्याच्या घरी 'आपला पाल्य सुखरूप आहे'. ज्याचं लागलं नाही, त्याच्या घरी 'आपला पाल्य मैदानातील हजेरीत आढळला नाही'. ऐकायला चोख. पण किल्लारीकडच्या गावांत लेकराला पाय फुटले की पहिली शिकवण हीच: हललं की पळायचं, हातात काही घ्यायचं नाही. शहरातली पोरं दप्तर, बाटली, कार्ड सावरत बाहेर आली. भूकंपाच्या गावची सगळ्यांच्या आधी आली, मोकळ्या हातांनी. कार्डं बाकांवर. म्हणजे वाईट मेसेज गेला तो नेमका त्याच घरांत.

ऑफिसचा फोन वाजायला लागला तो थांबेना. यासेरनं प्रोग्रॅमच्या आत डोकावलं. यादीच्या मध्यावर कुण्या पालकानं एकाच रकान्यात दोन नंबर दिले होते, मधे तिरकी रेघ मारून. तिथं आलं की मेसेजचं काम पडत होतं. मुकादम इमानानं त्याला उठवत होता. उठलेल्याला मागचं काही आठवत नव्हतं; ते पहिल्या नावापासून पुन्हा सुरू. अर्ध्या यादीला तोच मेसेज पुन्हापुन्हा, उरलेल्या अर्ध्या यादीला चकार शब्द नाही. दिवा हिरवागार.

थांबायचा निरोप त्यानं धाडला. पण तो निरोप यादी संपल्यावर ऐकायचा, असं कामाला त्यानंच शिकवलेलं, आणि यादी संपतच नव्हती. उपाय उरला एक: सगळाच प्रोग्रॅम बंद करणं. मग नांदेडचा पेपरही भागीदारांच्या डोळ्यांदेखत काळाठिक्कर.

बोट बंद करायच्या कळीवर होतं. दारात तनुजा उभी राहिली. यादीत तिसरं नाव.

"सर, माझं कार्ड आत राहिलंय. आमच्या घरी काय गेलं?"

यासेरनं नांदेडच्या पेपरला उरलेली वेळ बघितली.

"अण्णांनी त्यांच्या बहिणीला ढिगाऱ्यातून सोत्ता काढलंय, सर. त्यांला असं नका सांगू. फोन तरी लावू द्या."

"लाईन लागून नाही राहिली. दहा मिनिटं थांब. करतोय."

दहा मिनिटं यंत्राला नको होती. नांदेडच्या पेपरला हवी होती.

पेपर संपला. तिकडून भागीदारांचा निरोप आला, 'झकास'. मग यासेरनं कळ दाबली.

तनुजाचा बाप शेषेराव मोटारसायकल फाटकातच आडवी टाकून आत आला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. लेक समोर होती. त्यानं तिला जवळ घेतलं नाही. आधी डोकं चाचपलं, मग दंड, मग केसांत माती आहे का ते बघितलं.

"मेसेज कोण टाकून राहिलं व्हतं?"

"मशीन, मामा," यासेर म्हणाला.

"येकदा आला असता तर मी म्हनलो असतो, चुकला आसंल. सारखा येत व्हता, बाबा. मला वाटलं, कोणतरी उकरून राहिलंय अन् दर खेपेला सांगून राहिलंय, आजून न्हाई, आजून न्हाई." त्यानं ओठ पुसले. "बंद कराया मानूस नव्हता का?"

"नेटवर्कचा घोटाळा, शेषेराव," मन्मथ सर पुढं झाले. "हादऱ्यानं लाईनी बिघडल्या. काय यासेर?"

तनुजा यासेरकडे बघत होती. दहा मिनिटं तिनं ऐकलेली होती.

"हाव," यासेर म्हणाला.

"तने, पेटी बांध."

"अण्णा, नीटला आता किती दिवस राहिलेत..."

"जित्ती हायस न्हवं? बांध पेटी."

आता जमाखर्च. मन्मथ सरांना मिळाला फाटकावरचा नवा फलक: हादऱ्यानंतर सर्वांत आधी पालकांना कळवणारा क्लास. भागीदारांना मिळाला हिरवा दिवा. यासेरला नांदेड मिळालं, खिचडी-खट्टा मिळाला, आणि जेबाच्या वडिलांनी स्वतः होऊन तारीख विचारली. मुकादमाचं काही गेलं नाही. तो सांगितलेलं करत होता. भरलं ते तनुजानं, जी सगळ्यांच्या आधी बरोबर पळाली होती.