ताई नको म्हणते

"पोट कापून घ्यायला निघालीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ताईने शिलाई मशीन थांबवलं. "त्या बेकरीवालीला बघ. तिच्याच तोंडून ऐकलंय मी. ऑपरेशन झाल्यापासून पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही तिच्या घशाखाली."

बटणं लावता लावता धाकटी थबकली. दोघी बहिणींचं हे शिवणकामाचं दुकान. दोघी अंगाने सारख्याच भरभक्कम. कुणी फिदीफिदी हसलं की ताईच ठणकावायची, "बघून घ्या, फुकट आहे!" आणि दोघी खदखदून हसायच्या. पण हल्ली धाकटीची साखर औषधांना जुमानत नव्हती, झोपेत श्वास अडकायचा. पथ्य, चालणं, सगळं करून झालं होतं. पोट लहान करायचं ऑपरेशन करता येईल, नीट विचार करून सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते.

विचार कसला, नुसता संशय! डॉक्टर एवढे गोड का बोलतात? आणि नवरा एका पायावर तयार कसा झाला? त्याला बारीक बायको हवी असणार, दुसरं काय! भरवसा काय तो एका ताईचा. ती कशाला आपल्या वाईटावर असेल?

तरी मनातला किडा स्वस्थ बसेना. धाकटी बेकरीत गेली. बेकरीवाली काउंटरमागे सुटसुटीत अंगाने उभी राहून बिस्कीट चघळत होती.

"तुम्हाला पाणीसुद्धा उतरत नाही म्हणे?"

"कोण म्हणतं? खाणं एवढंसंच झालंय, गोळ्या जन्माच्या मागे लागल्यात, केस तर मूठमूठ गळले. खोटं कशाला बोलू? पण जिना चढते हो मी आता!" मग तिने आवाज खाली आणला. "तुमच्या ताईंनाही हेच सांगितलं होतं. त्याही गेल्या होत्या की डॉक्टरांकडे. हृदयाला झेपणार नाही म्हणून नाही म्हणाले. इथे येऊन रडल्या बिचाऱ्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

धाकटी तणतणत दुकानात आली. "खोटं का बोललीस माझ्याशी?"

"मला भीती वाटली, तू भुलीतून उठलीच नाहीस तर..."

"खरं सांग, ताई."

ताईची मान खाली गेली. "तू बारीक झालीस की मी एकटीच उरणार गं. लोक हसले की मी कुणाकडे बघून हसू?"

धाकटीचा संताप काही गेला नाही, पण त्यातच तिला रडू फुटलं. "आणि मीच मेले तर कुणाकडे बघशील?"

ताई उठली आणि भिंतीवरचा कागदी साचा काढला. दोघींचे कपडे आजवर त्या एकाच साच्यावर बेतलेले. तिने टेबलावर नवा कागद पसरला, साचा ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. मग अंदाजाने चार बोटं आत दुसरी रेघ मारली.

"एवढं बास?" तिने विचारलं.

"अजून आत," धाकटी म्हणाली.

ताईने रेघ खोडली आणि अजून आत मारली.