दम खाणारा बँड

आमचा अरेंजर कीबोर्ड म्हणजे एका पेटीत बसवलेला अख्खा बँड. डाव्या हातानं कॉर्ड धरली की ड्रम, बास, गिटार सगळे आपापल्या कामाला लागतात; उजव्या हातानं मी चाल वाजवते आणि सासरे गातात. हल्ली त्याचा स्पीकर खरखरायचा आणि वरचा सा मुका झाला होता. नवऱ्यानं नवा घ्यायचं मनावर घेतलं. जेवताना तो नव्या मॉडेलचे व्हिडिओ लावी आणि हातातली पळी ट्रम्पेटसारखी तोंडाला धरी. मी मात्र दर वेळी काहीतरी खुसपट काढत होते.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. न्यूमोनियातून उठल्यापासून सासऱ्यांचा श्वास ओळीच्या शेवटापर्यंत पुरत नव्हता. आमच्या कीबोर्डवर एक बटण आहे. ते चालू ठेवलं की डावा हात उचलताच बँड गप्प होतो, टेकवला की पुन्हा सुरू. मी दवाखान्यात दिवसभर लोकांना नळीत फुंकर मारायला लावून फुप्फुसांची ताकद मोजते. सासऱ्यांचे खांदे वर जाऊ लागले की हात उचलायचा, हे मला सहज जमून गेलं होतं. ते श्वास घेत, मी हात टेकवी. त्यांना वाटे, आपणच गाण्यात मुद्दाम थांबतो. ‘बघ, कशी जागा घेतली,’ असं सासूबाईंना ऐकवतही. नव्या कीबोर्डात ते बटण नसलं आणि हे उघड झालं तर ते गाणं सोडतील, ही माझी भीती. आम्ही काठी आणून दिली, तेव्हा त्यांनी फिरणंच सोडलं होतं.

शेवटी नवऱ्यानं एका सकाळी सगळ्यांना दुकानात नेलंच. दुकानदारानं मला नव्या कीबोर्डसमोर बसवलं. सासऱ्यांनी घसा खाकरला. मी सुरुवात केली आणि काय तो आवाज. व्हायोलिनं खरीखुरी, ड्रम थेट पोटात वाजणारा. मला हसूच फुटलं. सासऱ्यांना तर चेव चढला. पहिली ओळ झाली, दुसरी अर्धी झाली, खांदे वर गेले. मी डावा हात उचलला.

बँड थांबला नाही. ते बटण इथं कुठं आहे, हे विचारायचंच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

व्हायोलिनं बेफाम सुटली. सासरे तोंड उघडं ठेवून माझ्या उचललेल्या हाताकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून ओळीचा उरलेला भाग आला. किंचित चढा, पण तालात. ‘मला कुठं येतंय’ म्हणत आजवर स्वयंपाकघरात पळणाऱ्या सासूबाई पर्स छातीशी धरून गात होत्या. पुढची ओळ सासऱ्यांनी पकडली, दम संपला तशी सासूबाईंना खूण केली. त्यांनी ती अलगद उचलली. नवरा टाळ्या वाजवायला लागला, त्याही बेताल. गिऱ्हाइकं जमली.

गाणं संपल्यावर सासरे धापा टाकत खुर्चीत बसले.

“म्हणजे घरी तू माझ्यासाठी थांबत होतीस?”

मी खाली बघत हो म्हटलं. मला वाटलं, संपलं सगळं.

“आणि मी हिच्यापुढे जागांच्या फुशारक्या मारत होतो,” ते म्हणाले, आणि हसता हसता वाकलेच.

दुकानदार म्हणाला, ते बटण यातही आहे, आत्ता चालू करून देतो.

“हात लावू नका,” सासूबाई म्हणाल्या. “मग मला मध्ये घुसायला कधी मिळणार?”

मग घ्यायचा ना, असं नवरा सगळ्यांना विचारत होता. उत्तर द्यायला कोणाला फुरसत नव्हती. सासूबाईंना तेच गाणं पुन्हा हवं होतं, थोडं जलद.