कोपराची खूण

शनिवारी संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली, की भोपाळजवळच्या पिपलानीतल्या काशिनाथ शिरसाठांच्या क्वार्टरमध्ये पेटी वाजायला लागायची. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटायचं, इथे गाण्याचा क्लास चालतो. मग गाणं थांबायचं आणि बराच वेळ एकाच माणसाचा चढा आवाज यायचा, तोही श्वास न घेता. तेव्हा त्यांना वाटायचं, बहुतेक भांडण लागलं. ते भांडण नसायचं. शांताराममास्तर प्रार्थना करत असायचे.

भोपाळला राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तिकडे महाराष्ट्राचं नवं राज्य झालं होतं, आणि नव्या कारखान्याच्या नोकरीपायी कितीतरी मराठी माणसं इथल्या माळावरच्या क्वार्टरांत येऊन पडली होती. त्यात ख्रिस्ती घरं अगदी मोजकी. शहरात चर्च होतं, पण उपासना हिंदीत चालायची. काशिनाथची बायको रत्नप्रभा पहिल्याच रविवारी मोठ्या उत्साहाने गेली. एकही गाणं ओळखीचं निघालं नाही. प्रार्थनेला डोळे मिटले तर निम्मे शब्द डोक्यावरून गेले, आणि उरलेला वेळ मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. परत येताना टांग्यात ती काशिनाथला म्हणाली की इथे देवसुद्धा परका वाटतो, आपण परत जाऊ या.

काशिनाथ हा कारखान्यात लेथवरचा टर्नर. बायको रडली तर समजूत घालत बसणारा हा माणूस नव्हे. काय मोडलंय ते बघून तो दुरुस्तीला लागायचा. त्याने लगेच दोन कामं हाती घेतली. एक, पुण्याकडच्या कारखान्यांत अर्ज करायला सुरुवात केली. दोन, आसपासच्या मराठी ख्रिस्ती मंडळींना शनिवारी घरी प्रार्थनेला बोलावलं. पहिल्या कामाला दीड वर्ष लागलं. दुसरं आठवड्याभरात जमलं.

शांताराममास्तर हे खरं म्हणजे टाइमकीपर. तरुणपणी नगरकडे मिशनच्या शाळेत थोडे दिवस शिकवलं होतं, तेवढ्यावर आयुष्यभराची मास्तरकी मिळाली. मनोरमाताई कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. शिवाय मेसच्या जेवणाला कंटाळलेले दोघे अविवाहित फिटर यायचे, ज्यांची भक्ती पोह्यांच्या वासाने चांगलीच वाढायची. आणि शेजारच्या कमलिनीबाई. त्या ख्रिस्ती नव्हत्या. घरात देव्हारा, गुरुवारचा उपास, सगळं यथासांग. पण मराठी ख्रिस्ती लोक अभंगाच्या चालीवर देवाची स्तुती करतात हे त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि त्यांना काही राहवेना. आधी त्या वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या, मग दारात उभ्या राहिल्या, आणि महिन्याभरात स्वतःचे टाळ घेऊन चटईवर बसायला लागल्या. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर डोळे मिटून हात जोडायच्या. त्यांचं त्या जाणोत आणि देव जाणो.

बसायला काशिनाथने पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड विकत आणून बाक केले होते. शेवटच्या बाकाला लाकूड कमी पडलं, त्यामुळे तो जरा आखूडच राहिला. तो पेटीजवळ ठेवला होता आणि त्यावर रत्नप्रभा बसायची.

गाणी झाली की साखळी प्रार्थना असायची. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि बसल्या ओळीने एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला मोठ्याने करायची नसेल, त्याने शेजारच्याला हळूच कोपर लावायचं. त्याचा अर्थ, माझा नंबर तुम्ही घ्या. ही खूण नगरकडच्या मंडळींत लहानपणापासून मुरलेली, कुणाला शिकवावी लागायची नाही. रत्नप्रभेइतका तिचा वापर मात्र कुणी केला नसेल. तिचे वडील उपदेशक होते आणि प्रार्थना अशी करायचे की माणसं घरी जाताना त्यातली वाक्यं घोळवायची. त्यांच्यापुढे आपले शब्द तिला नेहमी कच्चे वाटायचे. वडिलांची पेटी ती झोकात वाजवायची, पण नंबर आला की शेजारी बसलेल्या मनोरमाताईंना कोपर लावून मोकळी व्हायची. मनोरमाताईंना दर शनिवारी दोघींची प्रार्थना करायची सवयच झाली होती.

आणि दर शनिवारी प्रत्येकाच्या प्रार्थनेत एक मागणं ठरलेलं असायचं: काशिनाथबंधूंना पुण्याला नोकरी मिळू दे. हे मागणं रत्नप्रभेनेच पहिल्या सभेत मास्तरांकडे दिलं होतं. मास्तर एकदा हातात घेतलेलं मागणं सोडत नसत. ते देवाला पुण्याच्या कारखान्यांची नावं, पत्ते, अर्ज कधी टाकला, सगळं तपशिलाने सांगायचे.

पण दीड वर्ष म्हणजे थोडाथोडका काळ नाही. भाजीवालीचं हिंदी रत्नप्रभेला कळायला लागलं, मग चर्चमधलंही कळायला लागलं. देव काही परका नव्हता, भाषेची ओळख व्हायची होती इतकंच. शिवाय इथे ती पेटी वाजवत होती. पुण्याला गेलं की थोरल्या जाऊबाईंच्या घरात मागची खोली मिळणार. तिथलं चर्च मोठं, ऑर्गन मोठा, वाजवणारे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले. वडिलांची पेटी पलंगाखाली जाणार. इथे ती पट्टी धरायची आणि मग सगळे गायला लागायचे. नर्स, फिटर, टाइमकीपर, टाळवाल्या कमलिनीबाई. एका शनिवारी मास्तर पुण्याचा पत्ता सांगत असताना तिच्या मनात आलं, पत्ता चुकला तर किती बरं होईल. ती स्वतःच दचकली.

आता हे सांगायचं कसं? सगळी मंडळी तिच्यासाठी मागत होती. काशिनाथ पाळीवरून थकून आला तरी अर्ज लिहायला बसायचा. म्हणून तिने नको ते केलं. बाकीचे मोठ्याने पुणे मागायचे, तेव्हा ती मनातल्या मनात म्हणायची, इतक्यात नको. टपालात पत्र टाकायचं आणि कोपऱ्यावर पोस्टमनला अडवायचं, तशातला हा प्रकार. तिला त्याची लाज वाटायची, पण शनिवार आला की पुन्हा तेच.

आणि मग पुण्याहून बोलावणं आलं. पगार जास्त, काम मनासारखं. सोमवारपर्यंत तारेने होकार कळवायचा होता. काशिनाथ त्याच दिवशी शहरात जाऊन जिलेबी आणि प्रवासात अंथरूण बांधायला कोरा करकरीत होल्डॉल घेऊन आला. मास्तरांनी शनिवारी उपकारस्तुतीची सभा जाहीर केली. रत्नप्रभा सगळ्यांच्या अभिनंदनाला हसून मान डोलवत राहिली. रात्री पोळ्या लाटताना मात्र तिचं लाटणं अडत होतं, आणि काशिनाथने विचारलं तेव्हा पीठ सैल झालंय म्हणाली.

शनिवारी सभा भरली खरी, पण तिला रंग येईना. मंडळी कपडे करून आली होती आणि चेहरे मात्र मौतीला आल्यासारखे. फिटरांनी पोहे दुसऱ्यांदा घेतले नाहीत, यावरून काय ते समजावं. मनोरमाताई ड्यूटीवरून उशिरा आल्या आणि दाराजवळच बसल्या. त्यांची जागा रिकामी दिसली म्हणून कमलिनीबाई चटईवरून उठून रत्नप्रभेशेजारी आखूड बाकावर आल्या. आता किती दिवस शेजार, असं म्हणून त्यांनी तिचा हातही धरला.

साखळी सुरू झाली. मास्तरांची प्रार्थना दोन मिनिटांत संपली. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. फिटरांनी एकेका वाक्यात आटोपलं. मग रत्नप्रभेचा नंबर आला.

तिने सवयीने शेजारी कोपर लावलं.

कमलिनीबाईंना ही खूण कोण सांगणार? त्या आजवर चटईवर बसलेल्या. त्यांना वाटलं, रत्नप्रभाबाईंना जागा पुरत नाही. त्या सरकल्या. रत्नप्रभेने पुन्हा कोपर लावलं, जरा जोरात. कमलिनीबाई आणखी सरकल्या. सगळे डोळे मिटून थांबलेले, घरात चिडीचूप. घामाघूम होऊन रत्नप्रभेने तिसऱ्यांदा कोपर लावलं, तेव्हा बाकाच्या टोकावर कशाबशा टेकलेल्या कमलिनीबाई कुजबुजल्या, "अहो, आता मी पडेन."

कुजबूज सगळ्यांना ऐकू गेली. एका फिटरने नाक दाबून धरलं. पण सभेच्या मंडळींनी डोळे काही उघडले नाहीत. नंबर रत्नप्रभेचाच होता.

तिने ठरवलं, आभाराचं एक वाक्य म्हणायचं आणि सुटायचं.

"हे प्रेमळ बापा," ती म्हणाली, "तू आम्हाला पुणं दिलंस, म्हणून..." आणि तिथेच ती थांबली. मग ती बोलायला लागली ती वडिलांसारखी नव्हे, स्वयंपाकघरात बोलावं तशी. "खोटं बोलून तुझे आभार कसे मानू? मीच मागितलं, सगळ्यांना मागायला लावलं. आणि मागल्या दाराने तुला नको नको सांगत राहिले. मला इथे बरं वाटतंय. ही माणसं सोडायचं माझ्या जिवावर आलंय. ह्यांनी माझ्यासाठी एवढी धडपड केली, ह्यांच्या तोंडावर सांगायचा मला धीर नाही, म्हणून तुला सांगते. आम्हाला इथेच राहू दे. प्रभू येशूच्या नावाने मागते."

प्रार्थना संपली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. म्हणजे तसंच होवो, आमचंही तेच मागणं. पण इथे आमेन म्हणायचं म्हणजे कारभाऱ्याच्या देखत त्याचा बेत मोडायचा. बसस्टॉपपर्यंत ज्यांचं आमेन ऐकू जायचं ते मास्तरसुद्धा गप्प बसले. रत्नप्रभेने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. कोपऱ्यात तो होल्डॉल उभा आहे, हे तिला न बघताही दिसत होतं. आपण चारचौघांत नवऱ्याची शोभा केली, आता तो काय म्हणेल, एवढंच तिच्या मनात होतं.

समोरचा बाक करकरला. काशिनाथने घसा साफ केला.

"आमेन," तो म्हणाला.

मग मात्र सगळ्यांनी असं आमेन म्हटलं की खिडकीची काच थरथरली. कमलिनीबाईंनीही म्हटलं, आणि त्या भरात बाकावरून उतरल्याच.

चहा गाळायला रत्नप्रभा आत गेली तर काशिनाथ मागोमाग आला. तो रागावला होता, पण घोटाळा असा होता की राग नेमका कशाचा, ते त्यालाच कळत नव्हतं. पुण्याचं काम त्याला खरोखरच आवडलं होतं, हे त्याने लपवलं नाही. पण अर्ज त्याने कामासाठी केले नव्हते, टांग्यातल्या त्या रडण्यासाठी केले होते. ते त्याला काही केल्या विसरता आलं नव्हतं.

"ते डोळ्यांतलं पाणी कधी आटलं, तेवढं सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर होल्डॉलचा खर्च तरी वाचला असता."

रत्नप्रभेला हसू आलं आणि रडूही आलं. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली, शेवटी चहा त्यानेच गाळला.

बाहेर वेगळाच गोंधळ चालू होता. मास्तर मनोरमाताईंना हळूच सांगत होते की गेल्या पावसाळ्यापासून आपणही तोंडाने पुणं मागत होतो आणि मनातून उलटं. मनोरमाताईंचं तेच. फिटरांचं तर पहिल्या पोह्यांपासून तेच. कमलिनीबाई म्हणाल्या की त्यांनी आपल्या गणपतीला नारळ कबूल केलाय, तो आता फोडावा लागेल. काशिनाथ ट्रे घेऊन दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता.

"म्हणजे माझ्या बाजूने कुणीच नव्हतं?" त्याने विचारलं.

"तोंडाने होतो की," मास्तर म्हणाले.

मग कमलिनीबाईंना कोपराची खूण समजावून सांगण्यात आली. त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. फिटरांनी पोह्यांची कढई अशी साफ केली की त्या दिवशी ती घासायची गरजच राहिली नाही.

सोमवारी काशिनाथने पुण्याला नकाराची तार केली. रात्री त्याने पुण्याचं पत्र दोनदा काढून वाचलं, आणि रत्नप्रभेने त्याला वाचू दिलं. बुधवारी त्याने कुठून तरी लाकूड मिळवलं, आखूड बाक अंगणात उलटा घातला आणि कमलिनीबाई पडतील म्हणत त्याला जोड दिला. जोड चांगला हातभर निघाला. कमलिनीबाई काही तेवढ्या रुंद नव्हत्या.

शनिवारी त्याचा खुलासा झाला. पेटी बंद झाल्यावर काशिनाथ समोरची आपली जागा सोडून आला आणि त्या बाकावर रत्नप्रभेच्या दुसऱ्या बाजूला बसला. फिटरांनी एकमेकांकडे बघितलं, मास्तरांनी खोकून डोळे मिटले. साखळी फिरत फिरत काशिनाथकडे आली. त्याने भोपाळसाठी आभार मानले, कारखान्यासाठी मानले, होल्डॉलला गिऱ्हाईक मिळावं म्हणून मागणं केलं, आणि आमेन झाल्यावर बायकोला हळूच कोपर लावलं.

लावायची खरं तर गरज नव्हती. तिने सुरुवात केलीच होती.