मुद्दा क्रमांक चार

माझ्या भावाच्या अपिलात मी चौथा मुद्दा आहे.

ऋषिकेशदादाच्या टेम्पोत इतवारीजवळ चौदा किलो गांजा सापडला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गांजा त्याचाच होता. याबद्दल घरात किंवा कोर्टात कुणाचंही दुमत नव्हतं. म्हणून सदर भागातल्या काळमेघ वकिलांनी हायकोर्टात एवढंच मागितलं, की शिक्षा कमी करा. कारणं चार: वय लहान, पहिलाच गुन्हा, आईवडील म्हातारे, आणि लग्नाची बहीण त्याच्यावर अवलंबून.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दादा आत गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. हे मी वकिलांना सांगितलं.

"कोर्टानं विचारलं तर पाहू," ते म्हणाले. "फक्त लग्न करू नका. मुद्दाच जाईल."

"या एका मुद्द्यानं शिक्षा साधारण किती कमी होते?"

"असं मोजता येत नाही, मॅडम."

"मग तो वगळून पाहू."

"वगळून पाहायला ही काय तुमची लॅब आहे?"

पियुषशी माझं लग्न ठरलेलं होतं, ते पुढे गेलं. अपील कोर्टाच्या त्या दिवसाच्या बोर्डावर लागायचं, पण आमचा नंबर येईपर्यंत कोर्ट उठायचं. असं दोन वर्षं झालं.

"तुह्या दादाची शिक्षा आपण दोघं भोगून राहिलो," पियुष म्हणाला. "आपलं अपील कुठी करायचं? दिवाळीनंतर माय मले दुसरी पोरगी पाहीन म्हणते."

मी बाबांजवळ विषय काढला.

"त्याचे दोन वर्षं कमी झाले तर तुले काय जड जाते वं?"

"माझे दोन गेले, बाबा."

"तू बाहेर हायेस."

मी विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस दिली आणि बाबांना घेऊन वकिलांकडे गेले. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे चौथा मुद्दा खोडला आणि क्षणभर पेन हातात फिरवलं.

"हे तर बरंच झालं. बहीण सासरी गेली, म्हातारे आईवडील एकटे, पाहणारं कोणी नाही. हे जास्त जोरात मांडता येईल."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"आधी ह्या घरात होत्या ना."

खाली रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "लगन कर, बाई. पन मंग घरी येनंजानं कमी ठेवजो. अपिलाचा निकाल लागेस्तोवर."

"आणि पगार?"

"तो पाठवत जाजो," बाबा म्हणाले. "तो कोर्टाले कुठी दिसते."