हवेची सुई

नळीच्या टोकाशी लोंबणारा थेंब. पडत नाही.

अकरा मिनिटं. नेहमी अकराच.

"ताई, तुझं वय बघ, गाडीचं वय बघ. दोघींनी आता आराम करा." हे भावाचं, सकाळी, चहा ढवळताना.

वडिलांच्या तळहाताला येणारा पेट्रोलचा वास, साबणानंही न जाणारा.

तीन वाजता भंगारवाला.

थेंब अजून पडत नाही... ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आहे, अंगावर नर्सचा गणवेश, समोर वडिलांची मोटरसायकल, हातात टाकीकडून कार्बोरेटरला जाणारी नळी, तिचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. आज ड्यूटीवर जाताना बंद पडली तर भंगारात देऊन टाक, असं तिनंच तावातावानं भावाला सांगितलं होतं, आणि त्यानं लगेच फोन लावला होता, जणू नंबर तोंडपाठच... आणि गाडी बंद पडली, पुलाच्या अलीकडे, वडील गेल्यापासून रोज अकराव्या मिनिटाला पडते तशी. पडू दे. तो बघायला कुठे आहे?

चोक ओढून ठेवत असशील, भाऊ म्हणाला होता. बाईच्या हातात गाडी बिघडणारच, हे तो म्हणाला नव्हता. ते नुसतंच चहाशेजारी ठेवलेलं होतं. मिस्त्रीनं तर हातच टेकले. "सिस्टर, कार्बोरेटर तीनदा धुतला. आणखी धुतला तर विरघळेल." सगळे त्या कार्बोरेटरच्याच मागे. म्हणून आज ती नळी उपसून बसली – आधी पेट्रोल खाली येतंय तरी का? आलं होतं, सुतासारखी धार, मग नुसते थेंब. सवयीनं तिनं घड्याळ धरून मोजले, मिनिटाला चाळीस, मग बारा, मग तीन... आणि मोजता मोजता ती थांबली, कारण हे तिनं वॉर्डात किती वेळा पाहिलं होतं – काचेची बाटली भरलेली, नळी मोकळी, तरी सलाईन उतरत नाही. नवी नर्स घाबरून पेशंटचा हात चाचपत बसते, आणि दोष वर असतो, बाटलीला हवेची सुई लावायची राहिलेली असते. हवा आत गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही.

तिनं टाकीचं झाकण उघडलं. सुस्स... टाकीनं हवा ओढली आणि बाटलीत धार लागली.

विरघळेल म्हणे.

झाकणाच्या आतल्या बाजूला हवेसाठी बारीक भोक असतं. ते खिडकीच्या काचांना लावतात त्या करड्या लांबीनं बुजवलेलं. लांबीवर अंगठ्याचा ठसा. लहान. तिनं आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला नाही. छातीवरच्या बिल्ल्याची पिन काढली आणि टोकरत राहिली, चुरा गणवेशावर पडला तरी... भावाला काय सांगायचं? सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागेल. नाही सांगायचं. भंगारवाला येईल, चहा पिऊन जाईल. मी शब्द दिला होता? दिला होता. मोडते. कुणाच्या बापाची गाडी आहे – माझ्याच.

बाटलीतलं पेट्रोल टाकीत, नळी जागेवर. किक. दुसरी किक. बारावं मिनिट पुलावर लागलं, तेरावं पुलापलीकडे. आनंद व्हायला हवा होता. पण नजर पुन्हा पुन्हा टाकीच्या झाकणाकडे जात होती. तिनं वेग वाढवला.

वडील गेले त्या आठवड्यात पाऊस थांबत नव्हता, आणि टाकीत पाणी जाऊ नये म्हणून ते भोक तिनंच बुजवलं होतं.